शेवटची दोन अक्षरे

दिवाळीत आपण धनाची पूजा करतो, आणि धनाची गोष्ट निघाली की पुरलेल्या धनाची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा, हंड्याला वेटोळे घालून बसलेला म्हातारा भुजंग, आणि भलत्याच माणसाने झाकण उचलले तर आत निघणारे कोळसे! महाराष्ट्रात असे गाव विरळाच, की जिथे ही कथा कुठल्या ना कुठल्या वाड्याला चिकटलेली नाही. आपण ती ऐकतो आणि हसून सोडून देतो. पण त्या भाबड्या कथेत न्यायाचा एक सूक्ष्म विचार दडलेला आहे. पुरणारा मेला, त्याचा वंशही बुडाला, तरी पुरलेली वस्तू बेवारस होत नाही. ती कुणासाठी तरी ठेवलेली असते. आणि ज्याच्यासाठी ती नाही, त्याच्या हाती ती लागली तरी तिचे सोने राहत नाही.

इंग्रज सरकारने १८७८ साली गुप्तधनाचा कायदा केला, तेव्हा भुजंगाच्या जागी कलेक्टर येऊन बसला. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की त्याला कळवावे. मालक न आढळल्यास, आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात दुसरा काही करार नसल्यास, तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक जमीनमालकाला मिळावा. सरकारला वस्तू हवी असेल तर मालाची किंमत व वर एक पंचमांश देऊन ती घ्यावी. कायदा नीटस होता, पण त्याला धनाची एकच जात ठाऊक होती. ती म्हणजे कुणीतरी पुन्हा काढून घेण्यासाठी दडवलेली ठेव. आपल्या देशाच्या मातीत आणखी एका जातीचे धन होते. ते कुणी पुन्हा काढणार नव्हते, कारण ते दडवलेले नव्हतेच. ते देऊन टाकलेले होते. ठेव आणि दान यांतला हा भेद एकदा ध्यानात घेतला, म्हणजे पुराणवस्तूंच्या उत्खननाचा आणि त्या परत करण्याचा जो वाद आज जगभर चालू आहे, त्याचे मर्म हाती लागते.

योगायोग असा की आपल्या प्राचीन इतिहासाचे कुलूप ज्या किल्लीने उघडले, ती किल्ली म्हणजेच ‘दान’ हा शब्द. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यांवर शेकडो लहान लहान लेख कोरलेले आहेत. ब्राह्मी लिपी त्या काळी कुणालाच वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या टाकसाळीतला एक इंग्रज अधिकारी, जेम्स प्रिन्सेप, १८३७ साली त्या लेखांचे ठसे पुढ्यात घेऊन बसला असता त्याच्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. देवळात वा समाधीवर अनेक माणसे वेगवेगळे लेख कोरतात आणि सर्वांचा शेवट एकच होतो, तेव्हा तो शब्द कोणता असणार? प्रिन्सेपने ताडले, ‘दानं’! ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे हाती आली, त्यांच्या आधारे बाकीची उलगडत गेली, आणि दोन हजार वर्षे मुका झालेला अशोक बोलू लागला.

कोण होते हे दाते? राजेमहाराजे थोडेच, बहुतेक भिक्षू, भिक्षुणी, सावकार, कारागीर आणि त्यांच्या घरच्या बायाबापड्या. विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी तर दक्षिण तोरणाच्या एका भागाचे कोरीवकाम आपल्या हातांनी करून दिले. आपल्याकडच्या कार्ले लेण्यातही हीच तऱ्हा. तिथल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या एका भाणकाचा लेख आहे. भाणक म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारा. खांब साधा नव्हे, ‘सशरीर’, म्हणजे आत अवशेष जपलेला. आणि ह्या लेखाचाही शेवट ‘दानं’ असाच. देणाऱ्याने नाव, गाव आणि हा एक शब्द कोरला, की त्याचे काम संपले. वस्तू परत मागण्याचा हक्क त्याने त्याच शब्दाने सोडून दिला. पण इतर कुणी ती उचलून न्यावी, असा अधिकार त्याने कुणाला दिला नव्हता.

प्रिन्सेपने लिपी वाचली आणि चौदाच वर्षांनी, १८५१ साली, अलेक्झांडर कनिंगहॅम व फ्रेडरिक मेझी हे दोन लष्करी अधिकारी कुदळी-फावडी घेऊन सांचीला आले. कनिंगहॅम हा प्रिन्सेपच्याच तालमीतला. पुढे पुराणवस्तू खात्याचा पहिला प्रमुख झाला तो हाच. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपाच्या मध्यावर सरळ खाली खणत जाता एक भली मोठी फरशी लागली. ती सरकवली, तो खाली दोन दगडी पेट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्ताचे नाव, दुसरीच्या झाकणावर महामोग्गलानाचे. गौतम बुद्धाचे हे दोन पट्टशिष्य, बालपणापासूनचे मित्र, दोघेही गुरूच्या आधी गेले. पेटीतल्या करंडकात हाडाचा एक लहानसा तुकडा आणि मोती, स्फटिक, वैडूर्य असे सात मणी. सारिपुत्ताच्या करंडकाशेजारी चंदनाचे दोन तुकडे होते. ते त्याच्या चितेतले असावेत, असे कनिंगहॅमने लिहून ठेवले आहे. आणि झाकणांच्या आतल्या बाजूस शाईने काढलेले एकेक अक्षर, एकात ‘सा’, दुसऱ्यात ‘म’. कुणा लेखकाने बोरू टेकवून काढलेली ती अक्षरे अंधारात दोन हजार वर्षे तशीच राहिली होती.

सांचीपासून काही मैलांवरच्या सातधारा येथील स्तूपातही ह्याच दोघांच्या नावांचे करंडक निघाले. मग दोघा अधिकाऱ्यांनी साऱ्या मालाची वाटणी केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात वावगे काही नव्हते. कनिंगहॅमच्या संग्रहापैकी बऱ्याच वस्तू पुढे १८८५ साली ‘इंडस’ नावाच्या आगबोटीबरोबर सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी गेल्या. मेझीच्या वाट्याचे सातधाऱ्याचे करंडक १८६६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन वस्तुसंग्रहालयात ठेवायला दिले गेले, आणि १९२१ साली संग्रहालयाने ते त्याच्या वारसांकडून विकत घेतले. सारिपुत्त आणि मोग्गलान ह्यांच्या अस्थींचे खरेदीखत झाले!

आता इथे रागावून उठण्याआधी दुसरी बाजू ऐकली पाहिजे. कनिंगहॅम आला तेव्हा सांचीला पूजा करणारा एकही बौद्ध उरला नव्हता. अशोकाने उभारलेला तिथला स्तंभ फोडून कुणा स्थानिक जमीनदाराने त्याचे तुकडे उसाच्या चरकासाठी वापरले होते; म्हणजे नासधूस काही परक्यांनीच केली असे नाही. उलट, १८२२ साली कॅप्टन जॉन्सन ह्या इंग्रजाने मोठ्या स्तूपाला वरपासून तळापर्यंत भगदाड पाडले. हाती काही लागले नाही, पण त्या भगदाडापायी पश्चिमेचे तोरण कोसळले. आणि १९१२ ते १९१९ अशी सात वर्षे खपून तो स्तूप व ती तोरणे पुन्हा उभी केली, ती जॉन मार्शल ह्या इंग्रजानेच. त्या कामाला द्रव्यबळ मिळाले ते भोपाळच्या मुसलमान बेगमांचे. तेव्हा परके वाईट आणि आपले चांगले, अशी सोपी वाटणी करून हा प्रश्न सुटत नाही.

तो सुटला असला तर कसा, हे पाहण्यासारखे आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात बौद्धांनी अस्थी परत मागायला सुरुवात केली. १९३९ साली इंग्रजांनी मागणी मान्य केली; मग महायुद्ध आले आणि प्रकरण तसेच राहिले. १९४७ साली अस्थी लंडनहून निघाल्या, पण करंडक मात्र मागे राहिले! संग्रहालयाचे म्हणणे असे की अस्थी ही धर्माची वस्तू, ती ज्यांची त्यांना देऊ. करंडक ही कलेची वस्तू, ती आमच्याकडे राहील. करंडकांऐवजी त्यांनी चुन्याच्या मातीच्या हुबेहूब प्रतिकृती करून दिल्या. ह्यातली मौज ज्याला सांचीचा इतिहास ठाऊक आहे त्यालाच कळेल. ऐंशी वर्षांपूर्वी सांचीचे पूर्वेचे तोरण उचलून पॅरिसला न्यावे, असा घाट फ्रेंचांनी घातला होता. तेव्हा मूळ तोरण जागीच ठेवून लेफ्टनंट कोल ह्याच्याकडून त्याचे साचे काढून घेतले गेले, आणि त्या प्रतिकृतींवर लंडन, पॅरिस व बर्लिन ही तिन्ही शहरे संतुष्ट झाली. युरोपला नक्कल चालली होती; आता तीच नक्कल आपल्याला चालावी, असा हिशोब होता.

महाबोधी सभेने तो मानला नाही. ज्या हातांनी अस्थी ठेवल्या त्याच हातांनी करंडक घडवला, नाव कोरले आणि झाकण मिटले. ते सगळे मिळून एक दान आहे, त्यातला आतला भाग तुमचा आणि बाहेरचा आमचा, अशी चिरफाड करता येत नाही. अखेर १९४८ साली मूळ करंडकही परत निघाले. अस्थी आधी सिंहलद्वीपात उतरल्या, १९४९ च्या जानेवारीत कलकत्त्यास आल्या, पुढे लडाखपर्यंत आणि ब्रह्मदेशापर्यंत फिरल्या. वाटेत सिंहली व ब्रह्मी बौद्धांना त्यांचा वाटा मिळाला. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्या सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात ठेवल्या गेल्या. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तळघराचे कुलूप निघते, लोक दर्शन घेतात आणि कुलूप पुन्हा लागते. संग्रहालयात त्या रोज दिसत होत्या, इथे वर्षातून एकदा दिसतात. पण इथे त्या पुन्हा ‘ठेवलेल्या’ आहेत, मांडलेल्या नाहीत.

सांचीची कथा अशी गोड झाली. पिप्राव्याची तशी झाली नाही.

उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेलगत पिप्राव्याचा स्तूप आहे. १८९८ च्या जानेवारीत तिथला इंग्रज जमीनदार विल्यम पेपे ह्याने तो खणला. एका अजस्र दगडी पेटीत पाच पात्रे निघाली. त्यांत एक स्फटिकाचे, झाकणाला मासोळीची मूठ असलेले. आणि शंखजिऱ्याच्या एका पात्रावर बुद्धाचे व त्याच्या शाक्य कुळाचे नाव कोरलेले. आत अस्थी, राख, आणि अठराशेहून अधिक रत्ने, सोन्याची फुले व पाने. शाक्यांनी आपल्या कुळातल्या थोर पुरुषाच्या रक्षेवर वाहिलेली ही ओंजळ.

त्याच वेळी जवळपास खोदकाम करणारा पुराणवस्तू खात्याचा जर्मन अधिकारी फ्यूरर काय उद्योग करीत होता, तेही सांगितले पाहिजे. त्याने ब्रह्मदेशच्या ऊ मा नावाच्या एका भाविक भिक्षूला बुद्धाचे म्हणून अवशेष पुरवले होते. त्यांतला ‘बुद्धाचा दात’ घोड्याचा निघाला. फ्यूररला नोकरी सोडावी लागली. शास्त्राच्या अंगरख्याखाली भामटेगिरीही वावरत होती, एवढे त्यावरून दिसते. पेपे तसा नव्हता. त्याने काही लपवले नाही, सगळे सरकारपुढे मांडले. सरकारने अस्थी सयामचा राजा चुलालोंगकोर्न ह्याला दिल्या, कारण त्या काळी तोच एक स्वतंत्र बौद्ध राजा होता. त्याने त्या इतर देशांतल्या बौद्धांत वाटल्या. रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला. आणि सुमारे पाचवा हिस्सा पेपेला स्वतःजवळ ठेवू दिला. कोणत्या नावाखाली? ‘दुबार नमुने’ म्हणून!

हा शब्द नीट ऐका. संग्रहालयात एकाच घडणीची दोन फुले असली तर दुसरे जास्तीचे ठरते. पण रक्षेवर फुले वाहणाऱ्याच्या ओंजळीत जास्तीचे फूल कधी असते काय? शंभर बायांनी शंभर सारखीच फुले वाहिली असतील, तर ती शंभर दाने आहेत. एक दान आणि नव्याण्णव नमुने नव्हेत. ज्यांनी ‘दानं’ ही अक्षरे वाचायला शिकवले त्यांच्याच परंपरेतल्या माणसांना ह्या वेळी ती दिसली नाहीत.

त्या एका शब्दाचे फळ सव्वाशे वर्षांनी पिकले. २०२५ च्या मे महिन्यात पेपेच्या वंशजांकडची तीनशेहून अधिक रत्ने हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली. जगभरचे बौद्ध हळहळले, भारत सरकारने कायदेशीर नोटीस धाडली, आणि लिलाव ऐनवेळी थांबला. जुलैअखेर रत्ने भारतात परत आली. मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने सरकारला साहाय्य करून ती विकत घेतली, म्हणूनच हे साधले. घेणाऱ्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. लिलावात ती चार देशांतल्या चार तिजोऱ्यांत विखुरली असती, तर पुन्हा कधीच एकत्र आली नसती. तरी मनात एक बोच राहते. शाक्यांनी फुकट दिलेल्या वस्तूंसाठी त्यांच्याच भूमीला किंमत मोजावी लागली. गुप्तधनाचा कायदा आणि दान ह्यांची गाठ पडली, आणि पुन्हा एकदा कायद्याची भाषा वरचढ ठरली.

मग खणूच नये काय? तसे म्हणणे अडाणीपणाचे होईल. खणले नसते तर सारिपुत्ताची पेटी कुणाला ठाऊक झाली असती? आणि ज्यांचा हा धर्म, त्यांच्याच कथा सांगतात की अशोकाने जुने स्तूप उघडून बुद्धाचे अवशेष चौऱ्याऐंशी हजार स्तूपांत वाटले. उघडण्याचे पाप असते तर ते पाप पहिल्याने त्याच्या माथी आले असते. ह्या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर मला सापडते ते आपल्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघर म्हणायचे, नालासोपाऱ्याला. तिथल्या ‘बुरूड राजाचा कोट’ ह्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ च्या एप्रिलमध्ये खणले. भगवानलाल मूळचे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या हाताखाली मुंबईत तयार झालेले, आणि प्राचीन लेख वाचण्यात त्या काळी कुणाला हार न जाणारे. टेकाडाच्या पोटी गोल दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा बारीकसे तुकडे! बुद्धाचे भिक्षापात्र म्हणून ते कुणीतरी पाच वेष्टणांत जपले होते. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे.

आणि त्या तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती वर्तुळात बसवलेल्या होत्या. ह्या मूर्तींची घडण पाहता त्या नाण्याहून काही शतकांनी अलीकडच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या वाटतात. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी तो स्तूप एकदा उघडला होता. जुन्या दानाला हात न लावता, भोवती आपल्या आठ मूर्ती ठेवून, त्याने तो पुन्हा मिटला. त्या अनाम माणसाने आत सोने पाहिले असणारच. त्याने काही नेले नाही. उलट भर घातली.

शास्त्राला हेच करता येईल, फक्त त्याने भर घालायची ती ज्ञानाची. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारी पोथी. वाचताना पान फाटतेच. म्हणून जो थर काढला त्याची नोंद पुरी झाली पाहिजे, आणि काही भाग पुढच्या पिढीच्या अधिक शहाण्या हातांसाठी न खणता सोडला पाहिजे. पिप्राव्यालाच १९७१ पासून आपल्या पुराणवस्तू खात्याने पुन्हा काळजीपूर्वक खणले, तेव्हा पेपेच्या पेटीच्या खालच्या थरांत आणखी दोन अस्थिकरंडक मिळाले. पहिला खणणारा जिथे थांबला, तिथे गोष्ट संपली नव्हती.

आणि परत देण्याचा न्याय केवळ लंडनला सांगून भागत नाही. सोपाऱ्याचे ते करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आले. पिप्राव्याची कितीतरी रत्ने कलकत्त्यात आहेत. ती आपल्या देशात आहेत, हे खरे. पण देशात असणे म्हणजे दात्याच्या हेतूजवळ असणे नव्हे. सांचीला जो बहुमान मिळाला तो ह्या वस्तूंना द्यायचा, तर भाविकांना वर्षातून एकदा तरी त्यांच्यापुढे हात जोडता आले पाहिजेत. निदान काचेखालच्या चिठ्ठीवर ‘नमुना’ असे न लिहिता, ती कुणी कुणासाठी दिली एवढे तरी लिहिले गेले पाहिजे. परक्याकडून वस्तू मागणे सोपे असते. ती घरी आल्यावर तिला पुन्हा दान म्हणून ठेवणे, हे काम आपले आहे, आणि ते पुरे झालेले नाही.

कार्ल्याच्या त्या भाणकाने, विदिशेच्या त्या कारागिरांनी आपापले नाव दगडावर कोरले. अमुक गावचा, अमुक माणूस, आणि शेवटी ती दोन अक्षरे. प्रिन्सेपला ती कळली तेव्हा एक लिपी उलगडली. ती अक्षरे वाचूनच वस्तूला हात लावायचा, एवढी शिस्त खणणाऱ्यांना, जपणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना लागली, तर त्या म्हाताऱ्या भुजंगाला वेटोळे सोडून खुशाल निघून जाता येईल.